अर्धाच पोचलेला निरोप

"बुबू, तू तुझी भाषा बोलतेस तरी कोणाशी?"

प्रश्न ओदिलचा नव्हता. तो जोसियानचा होता आणि त्यावर पैज लागली होती. ओदिलने तो आजीला तोंडावर, मोठ्या आवाजात, मैत्रिणींदेखत विचारला तर जोसियान आठवडाभर तिचं दप्तर उचलणार. कच खाल्ली तर ओदिल जोसियानचं उचलणार. जोसियानच्या दप्तरात कायम निम्मा नारळ आणि खडूंचा डबा असायचा, त्यामुळे कच खाणं परवडणारं नव्हतं.

सुरुवात सकाळी वर्गात झाली होती. सान्तो बेटावर, लुगानविलच्या त्यांच्या फ्रेंच शाळेत मॅडमनी एक कागद फिरवला: घरात कोणकोणत्या भाषा आहेत ते लिहा. मुलं सव्वीस, आणि फळा भरून भाषा उरल्या. मॅडमनी उरलेल्या दारावर लिहिल्या. जोसियान तान्ना बेटाची, तिने आईची एक, बापाची एक, बिस्लामा, फ्रेंच आणि चुलतभावाकडून उचललेलं इंग्रजी अशा पाच लिहिल्या आणि पेन असं काही खाली ठेवलं की जणू पाच डुकरं मारून आली आहे. ओदिलने चार लिहिल्या. बिस्लामा, फ्रेंच, वडिलांची रागा आणि आजीची लोर्नेव.

"लोर्नेव?" जोसियान म्हणाली. "हे कुठून आणलंस? बोल बघू एक वाक्य."

ओदिलला लोर्नेवमधल्या तीनच गोष्टी यायच्या. 'ये, जेव', 'डुक्कर', आणि आजी बादली पायावर पडल्यावर म्हणायची तो शब्द. तिने तिन्ही एका दमात म्हणून टाकल्या. शेवटचा शब्द मॅडमसमोर बोलण्यासारखा नव्हता, पण मॅडमना तरी कुठे कळणार होता?

"हे वाक्य आहे?" जोसियानने विचारलं.

"आहे."

"मग तुझ्या बुबूला विचारू या. ती तरी हे कोणाशी बोलते ते."

गेल्या वर्षीची ओदिल असती तर तिने तिथेच मान खाली घातली असती. पण या जुलैत, स्वातंत्र्यदिनाला, भर मैदानात माइकवरून तिने फ्रेंच उतारा वाचला होता, एकदाही न अडखळता, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला ब्रेक उरला नव्हता. दुकानात ती दुकानदाराला सल्ले द्यायची. चर्चमध्ये पाद्रींना दोन शंका विचारून झाल्या होत्या. तर तिने प्रश्न विचारला.

बुबू दारात बसून पँडानसच्या पानांची टोपली विणत होती. तिने मान वर केली नाही.

"कोंबड्यांशी," ती म्हणाली. "आणि देवाशी. दोघंही ऐकून घेतात, उत्तर कोणीच देत नाही."

पोरी खिदळल्या. वोतासी, जी मुळात भित्री होती आणि फक्त मजा बघायला आली होती, तिने तोंडावर हात दाबला.

"पैज जिंकले," ओदिल म्हणाली. "दप्तर धर."

पण जोसियानचं समाधान झालं नव्हतं. तिने कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे जास्वंदीच्या कुंपणापासून तीस पावलांवर, पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारा माणूस फळीवर रंधा मारत होता. आजी असो की आजोबा, तिथे दोघांनाही बुबूच म्हणतात. "पण ते पलीकडचे बुबू? ते तुमच्याच गावचे ना? त्यांना ही भाषा येत असणारच. मग त्यांच्याशी बोला की! हाक मारली तरी ऐकू जाईल."

वोतासीने तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. बुबूने हातातली टोपली उचलली आणि कुंपणाकडे पाठ करून बसली. रागाने नाही. ऊन डोळ्यांवर आल्यावर माणूस जागा बदलतो तशी.

"तो माझा भाऊ आहे, पोरी," ती म्हणाली.

एवढं सांगितलं की सगळं सांगून झालं अशीच तिची समजूत होती. मालाकुला बेटाच्या त्या कोपऱ्यात, लोर्नेव गावाच्या आसपास मोठ्या झालेल्या कोणालाही ते पुरलं असतं. भाऊबहीण वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांचं नाव तोंडातून काढत नाहीत, एका पानात जेवत नाहीत. वाटेत एक दिसला की दुसरा झाडीत शिरतो आणि वाट मोकळी करून देतो. त्यात भांडण नसतं. उलट जितका मान जास्त, तितकी झाडी दाट. बुबूचे भाऊ आन्सेल्म चाळीस वर्षांपूर्वी खोबऱ्याच्या कामाला तिच्या पाठोपाठ सान्तोला आले आणि तिच्या कुंपणाला लागून घर बांधलं. जवळ राहायचं म्हणूनच. नाव घ्यायचं नाही म्हणून बुबू त्यांना 'पलीकडचा' म्हणायची, आणि तिचं बघून घरात सगळेच 'पलीकडचे बुबू' म्हणायचे. ओदिल सहा वर्षांची होईपर्यंत तिला ते त्यांचं खरंच नाव वाटत होतं.

बोलायचंच असेल तर मध्ये तिसरा माणूस लागतो. कुंपणाच्या एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला बहीण, पाठीला पाठ. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतं, पण मधला माणूस सांगेपर्यंत ते ऐकलं असं धरायचं नाही. पस्तीस वर्षं हे काम ओदिलच्या आजोबांनी, जोझेफनी केलं. ते शेजारच्या गावचे, लोर्नेव त्यांना पक्की यायची. ते हळू बोलायचे, पण एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

पाच वर्षांपूर्वी ते गेले आणि काम ओदिलकडे आलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या आईला हे काम जमलं नसतं. आई सहाव्या वर्षीच नन्सच्या वसतिगृहात गेली, आणि लोर्नेव तिला फक्त रागावलं तर कळायची, बोलता येत नव्हती. ओदिलला तेवढीही येत नव्हती. म्हणून निरोप बिस्लामात जाऊ लागले. बाजारात, बंदरावर, ट्रकमध्ये, शंभर गावांची शंभर माणसं जी भाषा बोलून काम भागवतात, तीत.

"सांग त्याला, रविवारी सुद्धा करवत चालते. कान गेले का चर्चची घंटा ऐकायचे?"

"सांग तिला, लाकडाला रविवार कळत नाही."

"सांग त्याला, लाकडाला नाही कळत, पण लाकूड कापणाऱ्याचा बाप्तिस्मा झालाय."

ओदिलला हे काम आवडायचं. ती धावत जायची, धावत यायची, मधल्या मध्ये आवाजही बदलायची.

"मग आता तुम्ही ती भाषा ऐकतच नाही?" वोतासीने हळूच विचारलं.

"जोझेफ गेला तेव्हापासून नाही." बुबूच्या बोटांनी एक पान वर घेतलं, एक खाली. "माझी आई गेली तीन वर्षांपूर्वी, गावाकडे. माझा पाय सुजलेला, मला जहाजात चढवेना. हा पलीकडचा गेला होता. शेवटच्या रात्री तिच्याजवळ हाच होता. परत आला आणि निरोप दिला. बिस्लामात. 'आई गेली. तुझी आठवण काढत होती.' झालं."

"एवढंच?" जोसियान म्हणाली.

"एवढंच. माझी आई शंभराला टेकलेली बाई. उभ्या जन्मात तिचं तोंड बंद नव्हतं, झोपेतही बडबडायची. जाताना माझ्यासाठी तिच्याकडे दोन वाक्यं होती." बुबूने टोपलीचा काठ दाताने ओढून घट्ट केला. "असतील. माझ्यावर रागावायला तिला कारण होतं. जा आता, उन्हात उभ्या राहू नका."

तक्रार नव्हती त्यात. नारळ आज दोनच पडले, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

ओदिल मात्र उन्हात उभीच राहिली.

तिला तो दिवस आठवला. ती अकरा वर्षांची. कुंपणापाशी पोरी जाळी बांधून चेंडू खेळत होत्या आणि तिची सर्व्हिस होती. पलीकडचे बुबू जहाजातून उतरून सरळ आले होते, खांद्यावर पिशवी तशीच. ते कुंपणाकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "सांग तिला, आई गेली. तिची आठवण काढत होती. तिने एक निरोप ठेवलाय. मोठा आहे. तो या बाजारच्या भाषेत सांगता येत नाही. कसा पाठवू, विचार तिला."

बुबू सुजलेला पाय घेऊन घरात पडून होती, तिथवर आवाज जात नव्हता; ओदिलने धावत जाऊन पहिली दोन वाक्यं पोचवली. बुबूने चेहरा झाकून घेतला. पुढचं ओदिलला नीट कळलंच नव्हतं. निरोप आहे आणि तो सांगता येत नाही, म्हणजे काय? पोरी हाका मारत होत्या. ती गेली आणि सर्व्हिस केली. चेंडू जाळीत अडकला होता, हेही तिला आठवलं.

जोसियानने दप्तर खांद्यावर टाकलं. "काय झालं? जिंकलीस ना तू!"

"हो," ओदिल म्हणाली. "उद्या अजून जड भरते."

पण तिच्या आवाजात जिंकल्याचा जोर नव्हता.

*

पलीकडचे बुबू पेटी बनवत होते. शाळा पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संपणार होती आणि त्याच्या पुढच्या दिवशी, शनिवारी, मालाकुलाचं जहाज होतं. या वेळी ते कायमचे जाणार होते. मुलाने गावाकडे घर दुरुस्त केलं होतं, यामच्या कंदांची लावणी करायची होती. आपण मरायला जातोय असं ते म्हणत नव्हते, पण पेटीत हत्यारं भरण्याआधी त्यांनी ती वस्तीत वाटून टाकायला घेतली होती.

छपराच्या खांबाला नारळाच्या झावळीचा तुकडा अडकवला होता. त्याला नऊ पाती उरली होती. रोज एक तोडायची, संपली की जहाज.

ओदिल समोर उभी राहिली आणि तिने एका श्वासात सगळं सांगून टाकलं. चेंडू, जाळी, दोन वाक्यं, राहिलेली चार. सांगताना काहीही वगळलं नाही, सर्व्हिस सुद्धा नाही.

त्यांनी रंधा थांबवला नाही. लाकडाची एक लांब साल निघाली, गुंडाळी होऊन खाली पडली. मग दुसरी.

"तीन वर्षं," ते म्हणाले, "मी समजून होतो की तिला तो नकोय."

"तुम्ही पुन्हा का नाही विचारलंत?"

"भावाने बहिणीला दोनदा विचारायचं नसतं. एकदा विचारायचं. तिने उत्तर दिलं नाही तर तेच उत्तर."

"पण तिला वाटतं आईने दोनच वाक्यं ठेवली."

रंधा थांबला.

"बारा," ते म्हणाले. "बारा आहेत. मला तोंडपाठ करायला लावली होती त्या बाईने. जीव चाललाय आणि म्हणते, चुकलास, पहिल्यापासून म्हण."

"मला द्या."

"तुला येत कुठे?"

"पाठ करते. जुलैत फ्रेंच उतारा म्हटला तेव्हा तरी मला सगळा कुठे कळला होता? 'सार्वभौम' म्हणजे काय, मला अजून माहीत नाही. तरी टाळ्या पडल्या."

त्यांना हसू आलं. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ते हसताना तोंडावर हात धरायचे. "एक आवाज कमी चालणार नाही," ते म्हणाले. "एक जास्त चालणार नाही. आणि अर्थ मी सांगणार नाही. निरोप तिचा आहे. तू फक्त नेणार."

"कबूल."

"कान इकडे कर. आणि चेंडू घरी ठेवून ये उद्यापासून."

*

पाती नऊ होती आणि वाक्यं बारा, त्यामुळे काही दिवशी दोन दोन घ्यावी लागली. ओदिल शाळेतून सुटली की थेट छपराखाली. पलीकडचे बुबू वाक्य म्हणायचे, ती म्हणायची, ते मान हलवायचे. नाही. पुन्हा. लोर्नेवमध्ये ओठ फडफडवून काढायचा एक आवाज होता, मोटरबोट सुरू करताना येतो तसा. तो तिला चौथ्या दिवशी जमला, आणि जमल्यावर तिने तो इतक्या ठिकाणी काढला की वर्गातून दोनदा बाहेर उभं राहावं लागलं.

वहीत लिहून ठेवलं होतं, फ्रेंच अक्षरांत. पलीकडच्या बुबूंनी वही उलटीसुलटी करून बघितली. "हे असं दिसतं का?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं मोठं दिसेल."

जोसियान तिचं दप्तर घेऊन बरोबर चालायची. पैजेचा आठवडा संपला तरी चालतच राहिली, मात्र मोकळ्या हाताने.

"बघ, कोंबड्या आल्या ऐकायला," ती म्हणायची. "तुला आता श्रोते मिळाले."

"गप्प बस. सातवं विसरले."

"सातवं ते, ज्यात मध्ये मोटरबोट आहे," जोसियान म्हणाली, आणि सातवं वाक्य तिने सबंध म्हणून दाखवलं. तिघी रस्त्यातच थांबल्या. जोसियान स्वतःच दचकली होती.

"आता सहा भाषा लिही," वोतासी म्हणाली.

अर्थ ओदिलला सांगितला नव्हता, पण तोच तोच शब्द पुन्हा आला की तो ओळखीचा होतोच. 'आई' कळला. 'चटई' कळला, कारण बुबू कोंबड्यांना चटईवरून हाकलताना तो म्हणायची. आईचा निरोप आणि त्यात चार वेळा चटई. बुबू म्हणाली होती ते रागावायचं कारण हेच असणार, ओदिलला वाटलं. एखाद्या चटईवरून मेलेली बाई रागावली असेल तर तो राग तीन वर्षांनी नेऊन पोचवायचा का? ती एक दिवस छपराखाली गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी गेली तर खांबावरची एका पात्याऐवजी दोन गेलेली होती.

तिने वही उघडली. "नववं," ती म्हणाली.

*

शेवटचं पातं उरलं त्या दुपारी, शुक्रवारी, शाळा संपली. बुबू कुंपणाजवळ बसून कसावा किसत होती, रात्रीच्या लापलापसाठी, पानात गुंडाळून भाजायच्या जाड पोळीसाठी. ओदिलने पलीकडे जाऊन सांगितलं. आन्सेल्म आले, कुंपणाच्या त्यांच्या बाजूला एक फळी टाकली आणि पाठ करून बसले. जास्वंद मध्ये. बुबूने तो फळीचा आवाज ओळखला आणि स्वतःही सरकून पाठ केली.

"बुबू," ओदिल म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी मी तुला निरोप अर्धाच दिला. उरलेला खेळायच्या नादात टाकून दिला. आता देते."

बुबू किसतच होती. ओदिल माइकसमोर उभी राहते तशी उभी राहिली, पाय जुळवून.

पहिल्या वाक्याला किसणीचा आवाज अडला. दुसऱ्याला थांबला. तिसऱ्या वाक्यानंतर बुबूने कसाव्याचा तुकडा पानावर ठेवला आणि हात मांडीवर पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट. पाचव्याला ती हसली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. सातव्यातली मोटरबोट बरोबर निघाली. दहाव्यापाशी ओदिल अडखळली, मागे गेली, दहावं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. बारावं संपलं. कुंपणापलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"पुन्हा," बुबू म्हणाली.

ओदिलने पुन्हा म्हटलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा झाल्यावर बुबू उठली, गुडघा धरत घरात गेली आणि गादीखालून एक चटई ओढून बाहेर घेऊन आली. जुनी, मऊ पडलेली, एका कोपऱ्यात उसवलेली.

"लग्नाच्या दिवशी पहाटे मी ही तिच्या उशाची उचलली," ती ओदिलला म्हणाली, बिस्लामात. "न विचारता. तिने दोन वर्षं विणलेली. मला वाटलं ती झोपली आहे. पन्नास वर्षं मला वाटतंय की घरात चोरी झाली आणि चोर मी. गावाकडे मी तीनदा गेले असेन सगळी मिळून. ती दारात उभी दिसली की मला चटईच दिसायची."

"आणि ती काय म्हणते?"

"म्हणते, मी जागी होते. डोळे मिटून पडले होते. म्हटलं उचल बाई लवकर, तुझा बाप उठला तर ती डुकराच्या बदल्यात देऊन टाकेल. म्हणते, उचलताना कोपरा खिळ्याला अडकला, तो मी ऐकला. तो डाव्या बाजूने विणायला घे, उजव्या बाजूने घेशील तर आणखी उसवेल. तू नक्की उजव्या बाजूने घेतला असशील." बुबूने कोपरा उलटा करून बघितला. "घेतला होता."

मग ती बोलायला लागली. ओदिलकडे बघून, पण लोर्नेवमध्ये. सुरुवातीला एखादा शब्द शोधावा लागत होता, मग लागेना. ओदिलला त्यातलं आई, चटई आणि डुक्कर एवढंच कळत होतं. बुबू थांबली, तशी कुंपणापलीकडून आवाज आला. तोही ओदिलशीच बोलत होता. "ओदिल," अशी सुरुवात करून लोर्नेवमध्ये लांबच लांब काहीतरी. तिने शेवटचे चार शब्द बुबूकडे वळून म्हटले, रीत म्हणून. बुबूने उत्तर दिलं. ओदिलने त्याचे शेवटचे चार शब्द जास्वंदीकडे तोंड करून म्हटले. दोघंही पाठ करून बसले होते. कसावा काळा पडायला लागला होता. ऊन कुंपणावरून सरकून छपरावर गेलं. ओदिलला इतका वेळ एका जागी बसायची सवय नव्हती. तिच्या पायाला मुंग्या आल्या, पण ती उठली नाही, कारण ती उठली असती तर ते दोघंही गप्प झाले असते.

शेवटी बुबू बिस्लामावर आली. "आता आईला उत्तर जायला हवं."

"पलीकडचे बुबू जातायत ना उद्या. ते तिच्या थडग्यापाशी सांगतील."

बुबूने मान हलवली. "भावाच्या तोंडात बहिणीचे शब्द बसत नाहीत."

"सांग तिला," कुंपणापलीकडून आलं, "बरोबर आहे. मी नाही नेऊ शकत."

"मग पोस्टाने पाठवायचं का?" ओदिल म्हणाली. बुबू चटईचा कोपरा डाव्या बाजूने बघत होती.

"उत्तर किती मोठं आहे?" ओदिलने विचारलं.

"मी माझ्या आईची मुलगी आहे," बुबू म्हणाली.

*

घरी पप्पा जेवायला बसले होते. भात आणि डब्यातला मासा, कारण लापलाप झालाच नव्हता. पप्पा बंदरावर कामाला, तेव्हा घरात जहाजांची बातमी आधी यायची. टेबलावर ओदिलच्या नव्या सँडल ठेवलेल्या होत्या. सुट्टीत ती पोर्ट विलाला आत्याकडे जाणार होती, सोमवारच्या विमानाने. आत्याचं घर दोन मजली होतं आणि त्याच्यासमोर आइस्क्रीमचं दुकान होतं. गेलं वर्षभर ओदिलने शाळेत ते दुकान सगळ्यांना चाखायला लावलं होतं, निदान बोलण्यातून.

"सँडल घालून बघ," आई म्हणाली. "सैल असल्या तर उद्या बदलून आणते. आणि आत्याला फोन कर, उतरल्यावर तिला वाट बघायला लावू नको."

"ही वाट बघायला लावणार? ही पायलटला विमान शिकवेल," पप्पा म्हणाले. "माझी रागा शिक म्हणून दहा वर्षं सांगतोय, तर हिचे कान दुखतात. आणि त्या छपराखाली नऊ दिवस तोंडाने मोटरबोट चालवत होती, सगळी वस्ती सांगते."

ओदिल बसली नाही. तिने सँडल टेबलावरून उचलल्या, खाली ठेवल्या आणि त्या जागी वही ठेवली. बुबूच्या उत्तराने वहीची चार नवी पानं भरली होती आणि अजून पुढचं यायचं होतं.

"पप्पा, उद्याचं जहाज किती वाजता?"

"चारला म्हणतात. म्हणजे सहाला. का?"

आईने चमचा खाली ठेवला. तिने वहीकडे बघितलं, मग दाराबाहेर, जिथे बुबू अजून चटई मांडीवर घेऊन बसली होती. "ओदिल, तिथे वीज नाही," ती म्हणाली. "फोनला रेंज टेकडीवर चढलं की. आणि तुझी आत्या..."

"आई, मध्येच तोडू नको, मला सगळं सांगू दे," ओदिल म्हणाली. "मी विलाला जाणार नाही. मी उद्या पलीकडच्या बुबूंबरोबर लोर्नेवला जाणार आहे. बुबूचं उत्तर थडग्यापाशी म्हणणार, सगळं, एक आवाज कमी नाही, एक जास्त नाही. आणि मग सुट्टी संपेपर्यंत तिथेच राहून शिकणार. दोन महिने. म्हणजे पुढच्या वेळी कोणी मला निरोप देईल तेव्हा तो काय आहे ते मला कळेल. आत्याला फोन मीच करते. आणि सँडल बदलू नको, आई, परत कर. तिथे त्या लागणार नाहीत."